म्यूलर, जॉर्ज
(२७ सप्टेंबर १८०५ – १० मार्च १८९८). प्रशियात जन्मलेले व इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे कार्य केलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक. उद्याची चिंता करू नका, ही डोंगरावरील प्रवचनातील शिकवण त्यांनी थेट हिशेबाच्या वहीत उतरवली. १८३० मध्ये त्यांनी धर्मोपदेशकाचा ठरावीक पगार सोडला आणि १८३६ मध्ये अनाथालय काढले. पुढे अ‍ॅशली डाउन या ब्रिस्टलमधील भागात अनाथालयाच्या पाच भव्य वास्तू उभ्या राहिल्या, दहा हजारांवर मुले सांभाळली गेली. कोणापुढे हात पसरायचा नाही, कर्ज काढायचे नाही, गरज फक्त प्रार्थनेत देवाला सांगायची, हा त्यांचा नेम. अनाथालयाच्या अहवालांत मात्र पेनी-शिलिंगांच्या देणग्यांचीही नोंद असे. हा काटेकोरपणा विशेष लक्षणीय. त्यांच्या चरित्राने पंडिता रमाबाई प्रभावित झाल्या; केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी देवावरील अशाच भरवशावर चालवले.