स्वेच्छानिवृत्ती की मनाजोगे काम?

पंचेचाळिशी ओलांडलेल्या नोकरदारांच्या गप्पांत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता बास झाले, पुरेसे जमले की सोडून द्यायचे." लोकलच्या गर्दीत, कार्यालयाच्या कॅण्टीनमध्ये, सोसायटीच्या कट्ट्यावर ते वारंवार उच्चारले जाते. पण नोकरी सोडून नेमके काय करायचे, या प्रश्नावर बहुतेकांची गाडी अडते. लवकर निवृत्त व्हावे की उरलेली वर्षे मनाला समाधान देणाऱ्या कामात घालवावीत, हा निर्णय भावनेचा आहे तितकाच हिशेबाचाही आहे, आणि हिशेबाची बाजू आपल्याकडे बहुधा अर्धवट मांडली जाते.

निवृत्तीचे वय ही काही निसर्गाने ठरवून दिलेली गोष्ट नाही. जर्मनीत १८८९ मध्ये वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला, तेव्हा त्यासाठी सत्तर वर्षांची अट होती; ती १९१६ मध्ये पासष्टवर आली. केंद्र सरकारने १९९८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ६० केले. मुदतीआधी बाहेर पडण्याचा 'व्हीआरएस' हा शब्द मात्र मराठी घरांत शिरला तो वेगळ्या वाटेने. मुंबईच्या गिरण्यांत तो कामगारांच्या वाट्याला आला तो बहुतांशी नाइलाज म्हणून. पुढे २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी योजना आणली. पंधरा वर्षे सेवा किंवा वयाची चाळिशी पूर्ण, एवढीच पात्रता होती. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या सेवेचा पगार, यांपैकी जी कमी असेल ती रक्कम मिळत होती. एक लाखाहून अधिक बँक कर्मचारी त्या वेळी बाहेर पडले. २०१९ च्या अखेरीस 'बीएसएनएल'मध्ये ७८ हजारांहून अधिक, तर मुंबई-दिल्लीच्या 'एमटीएनएल'मध्ये चौदा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी हाच मार्ग पत्करला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी एकाच दिवशी ते निवृत्त झाले. अशा योजनेत निर्णयासाठी मिळतो तो जेमतेम महिना. तीस वर्षांच्या आयुष्याचा फैसला महिनाभरात करावा लागतो, हे या योजनांचे खरे दुखणे आहे.

राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती

सरकारी नोकराने पहिल्यांदा लक्षात घ्यायची गोष्ट ही, की राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती हे समानार्थी शब्द नाहीत. जुन्या निवृत्तिवेतन योजनेत राजीनामा दिला की आधीची सारी सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण करून तीन महिन्यांची नोटीस दिली, तर ती स्वेच्छानिवृत्ती ठरते आणि निवृत्तिवेतन मिळते. एकोणीस वर्षे नऊ महिने झाल्यावर संतापाच्या भरात टेबलावर कागद आपटणे किती महाग पडू शकते, हे त्यावरून कळावे. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्राने पूर्ण निवृत्तिवेतनासाठीची तेहतीस वर्षांची अट काढून टाकली. वीस वर्षे पुरेशी झाली. केंद्रात जुनी योजना साधारणपणे १ जानेवारी २००४ पूर्वी रुजू झालेल्यांना, तर महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालेल्यांना लागू आहे. म्हणजे या मंडळींपुढे दार आता बहुतांशी उघडेच आहे.

खासगी नोकरदाराची गोष्ट निराळी. भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षे सेवा झाली की हक्क मिळतो. पूर्ण रक्कम मात्र ५८ व्या वर्षापासून. पन्नाशीनंतर ती आधी घेता येते, पण दर वर्षामागे चार टक्के कपात होते आणि ती कायमची असते. सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलेली पंधरा हजार वेतनाची मर्यादा धरली, तर अठरा वर्षांच्या सेवेचे निवृत्तिवेतन १५,००० गुणिले १८ भागिले ७०, म्हणजे जास्तीत जास्त ३,८५७ रुपये. पन्नासाव्या वर्षी ते सुरू केले तर तीन हजारांच्याही खाली. या रकमेच्या भरवशावर नोकरी सोडणारा कुणी नसेल. पण आपल्याला 'पेन्शन बसेल' असे मोघम समाधान बाळगणारे पुष्कळ आहेत.

पंचवीस पटींचे गणित

लवकर निवृत्तीचा आजचा प्रवाह अमेरिकेतून आला. वॉल स्ट्रीटवरील नोकरी एकतिसाव्या वर्षी सोडणारे जो डोमिंग्वेझ आणि त्यांच्या सहलेखिका विकी रॉबिन यांचे 'युवर मनी ऑर युवर लाइफ' १९९२ मध्ये आले. दोन वर्षांनी, १९९४ मध्ये विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराने तेथील जुने आकडे तपासून दाखवले, की पहिल्या वर्षी पुंजीच्या सुमारे चार टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत नेली, तरी पैसा तीस वर्षे पुरतो. त्यावरूनच 'वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट' हा मंत्र निघाला.

मंत्र सोपा आहे, पण तो तीस वर्षांसाठी आणि अमेरिकी बाजारासाठी रचलेला आहे, हे तो जपणारे विसरतात. दरमहा साठ हजारांत घर चालवणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थाचा वार्षिक खर्च ७ लाख २० हजार; पंचवीस पट म्हणजे १ कोटी ८० लाख. आता सहा टक्के महागाई धरू. खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. सत्तावन्नाव्या वर्षी त्याच राहणीला दरमहा १ लाख २० हजार, एकोणसत्तराव्या वर्षी २ लाख ४० हजार लागतील आणि त्यापुढेही पंधरा-वीस वर्षे काढायची असतील. तेहतीस पट पुंजी धरणे अधिक शहाणपणाचे. ती रक्कम १ कोटी ८० लाखांवरून थेट २ कोटी ३८ लाखांच्या घरात जाते. यात मुलांचे शिक्षण आणि आईवडिलांचे आजारपण अजून आलेलेच नाही. राहते घर पुंजीत धरण्याची चूकही सर्रास होते. घर विकल्याशिवाय त्यातून भाजी येत नाही.

आरोग्यविमा हा आणखी एक खड्डा. कंपनीचे संरक्षण नोकरीबरोबर जाते. आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा २०२४ मध्ये चार वर्षांवरून कमाल तीन वर्षांवर आणली गेली असली, तरी स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढून ठेवणे हाच सुरक्षित मार्ग आहे. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेवर मिळणारी पाच लाखांपर्यंतची करसवलतही आयुष्यात एकदाच वापरता येते.

कंटाळा नेमका कशाचा?

पैशांचे जमले तरी मूळ प्रश्न राहतोच. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एमी व्रेझ्नीव्हस्की आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लोक कामाकडे कसे पाहतात याची तीन गटांत विभागणी केली : पोटासाठी नोकरी, बढतीसाठी कारकीर्द आणि ओढीने केलेले काम. गंमत म्हणजे, एकाच प्रकारचे कारकुनी काम करणाऱ्यांतही हे तिन्ही गट जवळपास सारखेच आढळले. म्हणजे समाधान केवळ पदावर अवलंबून नसते. त्यामुळे 'नोकरी नको' म्हणणाऱ्याने आपल्याला काम नको आहे, साहेब नको आहे की विरार-चर्चगेटचा प्रवास नको आहे, हे आधी नीट वेगळे करावे. साहेबाचा उपाय बदली असू शकतो, प्रवासाचा उपाय घराजवळची कमी पगाराची नोकरी. दोन्हींसाठी दोन कोटी लागत नाहीत.

रिकामेपणाची किंमतही आहे. सुसॅन रोहवेडर आणि रॉबर्ट विलिस या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये अमेरिका व युरोपातील आकडेवारीवरून असा निष्कर्ष काढला, की लवकर निवृत्तीचा साठीच्या सुरुवातीच्या वयातील स्मरणशक्तीवर प्रतिकूल परिणाम होतो. त्यावर वाद आहेत, कारण प्रकृती बिघडल्यामुळे निवृत्त होणारेही असतात. तरीही घरी बसलेल्या कुटुंबप्रमुखाचा पहिला आनंदाचा काळ ओसरल्यावर काय होते, हे त्याच्या पत्नीला विचारावे. निर्णयाआधी तिचे मत घेतले जाते का, हाही प्रश्नच आहे. शिवाय अनेक स्त्रियांची 'लवकर निवृत्ती' ही निवडच नसते. सासूबाईंचे आजारपण किंवा मुलांची दहावी ती ठरवून टाकते आणि तिला कोणी सुवर्ण निरोप देत नाही.

दुसऱ्या टोकाला, नोकरी सोडून कामाला लागणारेही महाराष्ट्राने पाहिले आहेत. अविनाश धर्माधिकारी यांनी १९९६ मध्ये भारतीय प्रशासकीय सेवा सोडून पुण्यात चाणक्य मंडल परिवार उभे केले. अशी उदाहरणे वाचून भारावणे सोपे. पण मनाजोग्या कामाला महिन्याला किती मिळेल याचा आकडा बहुतेकांकडे नसतो. तो काढण्याची साधी रीत आहे. नोकरी चालू असतानाच शनिवार-रविवार ते काम सहा महिने करून पाहावे, आणि तेवढाच काळ घरखर्च निम्म्या पगारात भागवून उरलेला बाजूला टाकावा. शिकवणी असो, शेती असो वा अनुवाद, पावसाळ्यातल्या चौथ्या रविवारीही उठून जावेसे वाटते की नाही ते तेव्हा कळते. नव्या कामातून दरमहा वीस हजार जरी येऊ लागले, तरी वरच्या गृहस्थाला पुंजीतून साठऐवजी चाळीस हजारच काढावे लागतील, आणि पंचवीस पटींनेच मोजले तर लागणारी रक्कम १ कोटी ८० लाखांवरून १ कोटी २० लाखांवर येईल.