ससेक्सचा वेन्सली, नवानगरचा करंडक आणि विनू मांकड

रणजी करंडकाची पहिली दोन्ही विजेतेपदे मुंबईने जिंकली. १९३६-३७ मध्ये मात्र अंतिम सामना मुंबईतच खेळला गेला आणि करंडक गेला नवानगरला, म्हणजे आजच्या जामनगरला. बंगालचा २५६ धावांनी पाडाव करणाऱ्या या संघाचा कर्णधार कुणी राजपुत्र नव्हता, भारतीयही नव्हता. तो होता ससेक्स कौंटीचा माजी व्यावसायिक खेळाडू, बर्ट वेन्सली.

ब्रायटनमध्ये जन्मलेला वेन्सली १९२२ ते १९३६ अशी पंधरा वर्षे ससेक्सकडून खेळला. मध्यमगती गोलंदाजी, उपयुक्त फलंदाजी; हजाराहून अधिक बळी आणि दहा हजारांवर धावा. इंग्लंडसाठी कसोटी खेळण्याचा योग मात्र कधीच आला नाही.

त्या काळच्या इंग्लिश क्रिकेटमध्ये दोन जाती होत्या, असेच म्हणावे लागेल. मानधन न घेणारा ‘हौशी’ आणि पोटासाठी खेळणारा ‘व्यावसायिक’. दोघांच्या खोल्या वेगळ्या, अनेक ठिकाणी मैदानात उतरण्याची दारेही वेगळी. व्यावसायिकाकडे कौंटीचे नेतृत्व येणे हा अपवादच. वय सरले की अशा खेळाडूपुढे प्रश्न एकच उरे: आता खायचे काय? पंचगिरी, शाळेतील प्रशिक्षण किंवा समुद्रापलीकडची नोकरी. वेन्सली त्याआधी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडकडूनही खेळून आला होता.

मग नवानगरच का? ससेक्स आणि नवानगर यांचे नाते जुने. करंडकाला ज्यांचे नाव आहे ते रणजितसिंहजी ससेक्सचे फलंदाज आणि नवानगरचे जामसाहेब. त्यांचे पुतणे दुलीपसिंहजी १९३२ मध्ये ससेक्सचे कर्णधार, आणि वेन्सली त्यांच्या संघातला. मायदेशी ज्याला सहसा नेतृत्व मिळाले नसते, त्या माणसाच्या हाती एका संस्थानाने संघही सोपवला आणि घडणारी पोरेही.

त्या पोरांत एक होता विनू मांकड. जन्म १२ एप्रिल १९१७, जामनगरचा. गोलंदाजीत नाना प्रयोग करणाऱ्या या मुलाला वेन्सलीने पारंपरिक डावखुऱ्या मंदगती फिरकीवर स्थिर केले. गंमत अशी की गुरू स्वतः फिरकीपटू नव्हताच! आपल्याला येते तेच शिष्याच्या गळी उतरवायचे, हा मोह त्याने टाळला. प्रशिक्षक म्हणून त्याची पारख इथेच दिसते.

फळ लवकर मिळाले. मुंबईतील त्या अंतिम सामन्यात एकोणीस वर्षांच्या विनूने १८५ धावा ठोकल्या. पुढच्याच हंगामात लॉर्ड टेनिसन यांचा संघ भारतात आला, तेव्हा अनधिकृत कसोटी मालिकेत फलंदाजी आणि गोलंदाजी या दोन्हींच्या सरासरीत तो भारताकडून अव्वल ठरला. पुढे तो महाराष्ट्राकडून, आणि १९५१ पासून मुंबईकडूनही खेळला.

१९५२ ची लॉर्ड्स कसोटी तर अनेकांना पाठ असेल: मांकडच्या ७२ आणि १८४ धावा, इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटके आणि १९६ धावांत ५ बळी. सामना तरीही इंग्लंडने आठ गडी राखून जिंकला. पण त्या मालिकेतील दुसरी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. मांकडसमोर उभ्या असलेल्या इंग्लंडच्या संघाचे नेतृत्व विसाव्या शतकात प्रथमच एका व्यावसायिकाकडे आले होते. त्याचे नाव लेन हटन.