एकच खांब, शंभर वेळा: बांधकामाच्या वेळापत्रकाची गोष्ट

वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल नागपूरकरांना माहीतच आहे. खाली जुना रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. लांबी ३.१४ किलोमीटर. गंमत बघा, वरची मेट्रो धावायला लागली मार्च २०१९ मध्ये आणि मधला उड्डाणपूल गाड्यांसाठी उघडला नोव्हेंबर २०२० मध्ये. खांब तेच, पण त्यांच्यावरून दोन वेगळी कामं आपापल्या चालीने पुढे सरकत होती. एकच काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर त्याचं वेळापत्रक कसं आखतात? आज त्याचा इतिहास.

वेळापत्रक म्हटलं की आठवतो गँट चार्ट. प्रत्येक कामाला एक आडवी पट्टी. हेन्री गँट यांनी तो १९१०च्या दशकात रुजवला. मग १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी क्रिटिकल पाथ मेथड, म्हणजे सीपीएम, तयार केली. कुठलं काम कशाच्या आधी हवं ते सांगा. कॉम्प्युटर सगळ्यात लांब साखळी शोधून देतो. बाकीच्या कामांना थोडी सवलत उरते, तिला म्हणतात फ्लोट. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे लगेच पटतं. केमिकल प्लांटसाठी तर ते उत्तमच.

पण शंभर खांबांचं काय? आधी पाया, मग खांब, मग गर्डर. क्रम सगळ्यांना पाठ असतो. अडचण असते वेगाची.

समजा पायाची टोळी आठवड्याला ४ पाये करते आणि खांबाची टोळी ५ खांब. खांबवाल्यांना एका आठवड्यानंतर लगेच कामाला लावलं तर पाचवा आठवडा संपताना दोन्ही टोळ्या २० वर येतात. तिथून पुढे खांबवाले रोज पाया तयार व्हायची वाट बघत बसणार. शंभरावा पाया २५व्या आठवड्यातच होणार, कितीही घाई करा. त्याऐवजी खांबवाल्यांना सहा आठवड्यांनी बोलावलं तर ते न थांबता २० आठवडे काम करून २६व्या आठवड्यात मोकळे होतात. उशिरा सुरू केलं, पण शेवट जवळपास तिथेच.

हे दिसायला पट्ट्या नाही, तिरप्या रेषा लागतात. एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला खांबाचा नंबर. प्रत्येक टोळीची एक रेषा. दोन रेषा एकमेकींना भिडल्या की कोणीतरी खोळंबलं. या पद्धतीचं नाव लाइन ऑफ बॅलन्स. १९४०च्या दशकात गुडइयर या टायर कंपनीत ती सुरू झाली, १९५०च्या दशकात अमेरिकी नौदलाने वाढवली, पुढे ब्रिटनमध्ये एकसारख्या घरांच्या वसाहतींसाठी वापरली गेली. तिची थोरली बहीण त्याहून जुनी, रेल्वेचा ट्रेन ग्राफ. एका बाजूला स्टेशनं, दुसऱ्या बाजूला वेळ, प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेषा. रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये हा ग्राफ वर्षानुवर्षं पेन्सिल-पट्टीने काढला जायचा.

मग जगभर सीपीएमच का गाजली? एक मोठं कारण म्हणजे ती कॉम्प्युटरसोबतच जन्मली, आणि पुढची सॉफ्टवेअरंही तिच्याच पायावर उभी राहिली. पण तिच्या हिशेबात टोळीचा मधला रिकामा आठवडा म्हणजे नुसता फ्लोट. प्रोजेक्टची तारीख हलत नाही ना, मग झालं! रोजंदारीवरच्या माणसासाठी मात्र तो बिनहजेरीचा आठवडा असतो. छिंदवाडा किंवा बालाघाटहून आलेला मजूर साइटवर बसून राहतो, खाण्याचा खर्च चालू, रोजी बंद. तिरप्या रेषांच्या आलेखात त्याचं थांबणं निदान डोळ्यांना दिसतं.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. समृद्धी महामार्ग बघा. ७०१ किलोमीटरचं काम १६ पॅकेजमध्ये वाटलेलं. नागपूर ते शिर्डी हे ५२० किलोमीटर डिसेंबर २०२२ मध्ये उघडले. इगतपुरी ते आमणे हे शेवटचे ७६ किलोमीटर मात्र जून २०२५ मध्ये. सपाट जमिनीवर भराव, थर, काँक्रीट हीच कामं किलोमीटरमागून किलोमीटर करता येतात. घाटात बोगदे आणि उंच पूल येतात, तिथे मागच्या किलोमीटरचा वेग पुढे चालत नाही. रेषेचा उतार तिथे नव्याने ठरवावा लागतो.

पुढच्या वेळी पुलाचं काम चालू दिसलं तर क्रेनसोबत खाली बसलेली टोळीही बघा. ती जेवायला बसली आहे की वाट बघत, एवढ्यावरून त्या साइटचं वेळापत्रक कसं आहे ते बरंचसं कळतं. भेटू पुढच्या भागात!