मुक्त कारागृह : कथा, कायदा आणि किरकोळ गुन्हेगार

व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या हिंदी चित्रपटाने बंदिवानाच्या पुनर्वसनाची कल्पना मराठी प्रदेशाबाहेर भारतभर पोहोचवली. कथा ग. दि. माडगूळकरांची, तिचे मूळ औंध संस्थानातील आटपाडीनजीकच्या स्वतंत्रपूर वसाहतीत आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी १९३९ मध्ये ती आकारास आणली. गंभीर गुन्ह्यांतील कैदी तेथे तटबंदीविना शेती करीत राहिले. कुटुंबासह राहण्याची मुभाही त्यांना होती.

इतिहास आणि कथा यांतील अंतर लक्षणीय आहे. चित्रपटात सहा खुन्यांचे परिवर्तन घडते ते आदिनाथ या तुरुंगाधिकाऱ्याच्या नजरेच्या धाकाने व त्याच्या बलिदानाने. स्वतंत्रपुराचा आधार मात्र जमीन, श्रम आणि कुटुंब हा होता. राजस्थानातील सांगानेरच्या खुल्या कारागृहातही (१९६३) हेच सूत्र दिसते: कैदी कुटुंबासह राहतो, बाहेर काम करून पोट भरतो आणि वसाहतीच्या कारभारात बंदी पंचायतीला स्थान असते. एका सत्पुरुषावर उभी राहिलेली सुधारणा त्याच्याबरोबर संपू शकते. व्यवस्थेवर उभी असलेली टिकते.

कथा आणि खुले कारागृह या दोहोंच्या परिघाबाहेर राहिला तो किरकोळ चोर. खुल्या कारागृहासाठी सामान्यतः शिक्षेचा काही काळ बंदिस्त तुरुंगात सद्वर्तनाने काढावा लागतो. अल्पमुदतीचा कैदी ही अट पुरी होण्याआधीच सुटतो आणि गेलेली नोकरी व लागलेला डाग घेऊन गावी परततो. त्याच्या वाटेवरचा पुढचा गुन्हा येथेच रुजतो. त्याच्यासाठी अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ आहे. त्याच्या कलम ३ व ४ नुसार न्यायालय ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर अपराध्यास सोडू शकते; कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने यात सामाजिक सेवेची भर घातली. ५,००० रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी करून ऐवज वा त्याचे मूल्य परत करणाऱ्यास ही शिक्षा होते.

या तरतुदींना आदिनाथासारखा नायक नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या गृहभेटी आणि अहवाल यांत नाट्य थोडे. तरीही माणूस पुन्हा तुरुंगात जाणार की नाही, हे बहुधा तेथेच ठरते. पुनर्वसनाच्या कथनाचा तौलनिक अभ्यास हृदयपरिवर्तनाच्या प्रसंगापाशी थांबला, तर या इतिहासाचा मोठा भाग निसटतो.