गंज, नाव आणि कट्यार

आमचे शहर तरुण आहे. सिडकोची स्थापना १९७० सालची. त्यामुळे नवी मुंबईतल्या सदनिकेत जुनी वस्तू असलीच तर ती बहुधा गावाकडून आलेली. एखाद्या घरी खंडेनवमीला कपाटातून कट्यार निघते, चिंचेने घासून लख्ख केली जाते आणि हळदकुंकू वाहून परत कपाटात जाते. हा आदर खरा आहे. पण त्याच आदराने शस्त्राचा इतिहास पुसला जातो, असे आम्हांस वाटते. ते का, हे समजण्यासाठी जपानी आखूड शस्त्रे जमवणाऱ्यांकडे पाहावे.

पाते एक शाकूहून, म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटरहून, लहान असेल तर तांतो; एक ते दोन शाकू असेल तर वाकिझाशी. संग्राहक पात्याच्या चकाकीवर थांबत नाही. बांबूची एक खुंटी काढली की मूठ सुटते आणि पात्याचा आत दडलेला भाग उघडा होतो. कारागिराचे नाव, क्वचित वर्षही, तेथेच कोरलेले असते. या भागावरचा गंज कोणी घासत नाही, कारण त्याचा रंग आणि पोत हा वयाचा पुरावा असतो. अर्थात नावावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. खोटी नावे कोरण्याचा उद्योग जुना आहे. लांब तलवार मुठीकडून कापून वाकिझाशी केली, तर कापलेल्या तुकड्याबरोबर नावही जाऊ शकते. मासामुनेसारख्या थोर कारागिराची बहुतेक पाती निनावीच आहेत. अशा वेळी पोलादाचा पोत, धारेलगतची पाणी दिल्याची रेषा आणि पात्याचा आकार पाहून कर्ता ठरवावा लागतो. होनआमी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. १८७६ साली तलवार लावून हिंडण्यास सर्वसाधारण बंदी झाली, १९४५ नंतर जप्तीचे संकट आले. तरी ही विद्या टिकली. साहित्याच्या विद्यार्थ्याला यात पाठचिकित्सा सहज ओळखू येईल.

आपल्याकडे वस्तूपेक्षा तिची कथा अधिक बोलते. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यास वाघनखे आली. ती शिवछत्रपतींची असल्याचे सांगतो तो मजकूर वाघनखांवर नाही, पेटीवर आहे. आणि तो त्यांचा संबंध साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याशी जोडतो. ती तीच वाघनखे आहेत याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालयच म्हणते. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून घेतलेल्या रघूजी भोसल्यांच्या तलवारीवर देवनागरी लेख आहे. त्यात नाव मालकाचे आहे, घडवणाऱ्याचे नव्हे. पाते युरोपी घडणीचे, म्हणून ती ‘फिरंग’.

म्हणून कथा टाकून द्यावी असे नाही. कथा हाही पुरावाच, मात्र लोकांनी काय मानले याचा. वस्तूचा पुरावा वेगळा, आणि तो कथेच्या भरात नष्ट होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

या संदर्भात पुण्याचे दिनकर केळकर आठवतात. ते ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, शस्त्रे अशा हजारो वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या आपल्या राजाचे नाव संग्रहालयाला दिले आणि सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. स्वतःचे नाव झाकणाऱ्या कवीने नाव न उरलेल्या कारागिरांच्या वस्तू सांभाळाव्यात, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते.

तेव्हा पुढच्या खंडेनवमीला चिंच जरा दूर ठेवावी. आधी भिंग घेऊन मूठ आणि पात्याचा सांधा पाहावा, छायाचित्र काढावे, आजीला माहीत असेल तेवढे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे. पूजा त्यानंतरही होईल. घासून गेलेले अक्षर मात्र परत येत नाही.