होडीचं कूळ

आठवडाभरासाठी शिडाची नौका भाड्यानं घ्यायची. तांडेल नाही, खलाशी नाही, सुकाणू आपल्याच हाती. या ‘बेअरबोट चार्टर’ची जन्मकथा बहुधा कॅरिबियन समुद्रात सुरू होते. १९६९ साली टॉर्टोला बेटावर चार्ली आणि जिनी कॅरी यांनी सहा नौकांवर ‘द मूरिंग्ज’ काढली, वगैरे. इंग्रज लगेच हरकत घेतात, की आमच्या नॉरफोक ब्रॉड्सवर जॉन लॉइन्स एकोणिसाव्या शतकातच होड्या भाड्यानं देत होता. खरंय. पण ही झाली सहलीची कुळकथा. करार त्याहून जुना आहे, आणि माझ्या मते तो पाण्यावर जन्मलेलाच नाही.

कायद्यात त्याचं नाव ‘चार्टर बाय डिमाइझ’. डिमाइझ म्हणजे मृत्यू, एवढंच आपल्याला ठाऊक. त्यामुळे ही जहाज बुडाल्यानंतरची काही तरतूद असावी असं वाटतं. प्रत्यक्षात हा शब्द जमिनीचा. जमीन पट्ट्यानं देणं म्हणजे डिमाइझ. राजा गेला की राजमुकुट वारसाकडे जातो, त्या हस्तांतरालाही हाच शब्द होता. मृत्यूचा अर्थ त्याला तिथून चिकटला. थोडक्यात, बिनखलाशी नौका घेणारा नुसतं गिऱ्हाईक नव्हे, तो नौकेचं कूळ!

हे नुसतं शब्दाचं साम्य नाही. मालकाच्या खलाशांसकट जहाज घेतलं, तर ताबा मालकाचाच राहतो. डिमाइझमध्ये ताबाच कुळाकडे जातो. १८९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं बाउमवोल विरुद्ध फर्नेस खटल्यात हेच ठरवलं: ताबा दुसऱ्याला दिलेला मालक कप्तानाच्या करारांना बांधील नाही. त्या जहाजावर खलाशी होते, पण ते भाडेकऱ्याचे. म्हणजे ‘बेअर’ या शब्दावर फार भिस्त ठेवू नये.

रोमन कायद्याचे अभ्यासक इथे उल्पियन या कायदेपंडिताला पुढे करतात. जहाजाचं उत्पन्न ज्याच्या पदरी पडतं तो जबाबदार, मग तो मालक असो वा अख्खं जहाज भाड्यानं घेतलेला, असं तो तिसऱ्या शतकातच सांगून गेला. कल्पनेचा मान त्याला बिनतक्रार द्यावा. पण साचा इंग्रजी जमीनदारीचाच. शेताच्या पट्ट्यांवर पोसलेल्या वकिलांनी जहाज समोर येताच हाताशी असलेला कागद काढला असणार, असा माझा अंदाज.

या अंदाजाला बळ मिळतं ते आपल्याकडे. भारतीय नौवहन कायद्यात ‘बेअरबोट चार्टर-कम-डिमाइझ’ नावाचा प्रकार आहे: भाडं भरत राहायचं आणि ठरलेल्या मुदतीनंतर जहाज भाडेकऱ्याच्या मालकीचं. मुंबई राज्याच्या १९४८च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ला, कृषकदिनी, जमीन कसणारी कुळं खरेदीदार मानली गेली. तिथे हक्क सरकारनं दिला, इथे करार देतो. कूळ मात्र दोन्हीकडे मालक होतं.