तळ्याकाठचा तळ

मागच्या महिन्यात काकांचा फोन आला. "कंप्युटरवाला आहेस ना, आपल्या रानाची एक वेबसाइट करून दे की बाबा."

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, अहमदपूर तालुक्यात. काकांनी पंचवीसेक वर्षं खपून मुरमाड माळावर चार एकर झाडी उभी केलीय. कडुलिंब, करंज, सीताफळ, थोडा साग. खाली पाझर तलाव. ज्या जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, तिथं चार एकर म्हणजे अरण्यच! पवनेच्या काठी तंबूत झोपायला आमच्या हिंजवडीची मंडळी पैसे मोजतात, हे काकांना मीच सांगितलं होतं (भोगा आता!). त्यांचा बेत ठरला: दहा तंबू, शेकोटी, हुरडा, आणि तारेचं कुंपण, थेट पाण्यापर्यंत.

त्या शेवटच्या चार शब्दांशी मी अडखळलो. का, ते नीट कळेना. मग दोन वीकेंड पुस्तकांत घातले.

पहिली गोष्ट, तळ्याकाठी मुक्काम हे काही आपण शोधून काढलेलं फ्याड नव्हे. 'तळ ठोकणे' हा शब्दप्रयोग फौजांचा आहे. १७६० च्या सुरुवातीला उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंच्या आणि निजामाच्या फौजा याच मुलखात फिरत होत्या. हजारो घोडे, बैल, हत्ती. पाणी नाही तिथं एक रात्रही निघायची नाही. फौजांना धान्य पुरवायचे बंजारे. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून त्यांचे तांडे दख्खनभर हिंडायचे आणि मुक्काम पडायचा तो पाणी-चारा बघूनच. म्हणजे आपले खरे कॅम्पिंगवाले तेच. तंबूचं भाडं मात्र कुणी घेत नव्हतं.

त्याहून मागे जाऊ. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवायचे. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. आमच्या गावापासून जवळच, पण नांदेड जिल्ह्यात, कंधार आहे. तिथं सापडलेल्या राष्ट्रकूट शिलालेखात 'जगत्तुंग समुद्र' नावाच्या तलावाचा उल्लेख येतो. जगत्तुंग हे राष्ट्रकूटांचंच बिरुद. राजाने आपलं नाव दिलं म्हणजे मालकीही त्याचीच म्हणायची. पण राजा गेला, घराणं गेलं, किल्ल्यावर किती झेंडे बदलले, आणि तलाव हजारेक वर्षांनंतरही तिथंच आहे. जनावरं पाणी पितात, बायका धुणं धुतात. पाटीवर नाव राजाचं, वापर गावाचा.

जंगलाचं मात्र तसं झालं नाही. निजामाच्या राज्यात कित्येक गावं जहागिरीत होती. महसूल जहागीरदाराकडे जायचा. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९४९ मध्ये जहागिरी बरखास्त झाल्या. पुढे महाराष्ट्र सरकारने कायदा करून ३० ऑगस्ट १९७५ पासून राज्यातली खाजगी वनंच ताब्यात घेतली. नंतर छोट्या मालकांसाठी त्यात सवलत आली. आमच्या माळावर १९७५ साली कुसळंच होती, त्यामुळे काका सुटले. झाडी त्यांनी लावली, जगवली. त्यांची आहे. वाद नाही.

पण तळं?

हे मी आजीला विचारलं. ती म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात आमीच केलाव की ते. तुझा बाप पोटात होता." दुष्काळी कामावर ती डोक्यावर पाट्या वाहत होती. खायला मिलो ज्वारी आणि सुकडी. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती! रस्ते, खडी, पाझर तलाव. मराठवाड्यातले कितीतरी तलाव हे असे, उपाशी माणसांनी बांधलेले. माझ्या आजीच्या पाटीशेजारी तांड्यावरच्या बाईची पाटी होती, वाड्यातल्या विधवेचीही. कुंपण घातलं तर त्यांच्या नातवंडांच्या शेळ्या बाहेर!

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा मी नांदेडला इंजिनिअरिंगला होतो. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. आम्ही पोरांनी मोबाईलवर त्या टँकरचे फोटो पाहिले, आणि जोक्सही केले. त्या उन्हाळ्यात आमच्या तलावात तळाला थोडं पाणी होतं आणि सगळा गाव त्यावर होता, हे मला आजीने आत्ता सांगितलं.

थोडक्यात, झाडी एकट्याच्या कष्टाची असू शकते. मराठवाड्यात पाणी कधीच एकट्याच्या कष्टाचं नसतं. आमचं अख्खं रान उभं राहिलं तेही त्या तलावाच्या ओलीवर.

काकांना वेबसाइट करून दिली. नकाशात तंबू झाडीत दाखवलेत आणि कुंपण झाडीच्या कडेलाच थांबवलंय. पाण्याकडे जाणारी जनावरांची पांदी जशीच्या तशी मोकळी. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोन आला: "शेळ्या तंबूत शिरल्या तर?"

ते आपण बघू, म्हटलं.